ओढणीतलं वाळवंट

मी किराणासुद्धा लिहून ठेवते. गॅस कधी लावला, टाकी कधी धुतली, कोणाच्या लग्नात काय दिलं, सगळं माझ्या वह्यांत आहे. ही एक गोष्ट मात्र कुठल्याच वहीत नाही. नवऱ्याला सांगितली नाही, मुलीला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. अनोळखी माणसाजवळ बोलणं सोपं जातं असं म्हणावं, तर तसंही नाही. दोनदा उठून चहा करून आले.

आधी नर्मदाताई कोण ते सांगते. त्यांना ओळखल्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

नव्वदच्या दशकात मी कोपरखैरण्यात राहायचे आणि सिनेमाच्या कपडेपटात ताईंची मदतनीस होते. ताई कपडेपटाच्या प्रमुख. मूळच्या तिथल्याच, खाडीकाठच्या गावच्या. वडिलांची मिठागरं होती, ती गेली. ताई शिवणकाम करत करत सिनेमात शिरल्या आणि तिथे राज्य करू लागल्या. आवाज खणखणीत. सेटवर नायक असो की निर्माता, ताईंनी हाक मारली की माणूस आपोआप आपला सदरा तपासायचा.

त्या वर्षी आम्ही जैसलमेरकडे होतो. वाळवंटात चित्रित झालेले सिनेमे तुम्ही पाहिले असतील — सोनेरी टेकड्या, उंटांची रांग, उडणारी ओढणी. पडद्यावर फार सुंदर दिसतं. तिथे राहिलं की कळतं, वाळू दातात असते, भाकरीत असते, कॅमेऱ्यात असते. सगळे तिच्याशी भांडत होते. ताई एकट्याच तिच्याकडून काम करून घेत होत्या.

आमची नायिका सासर सोडून वाळवंट तुडवत माहेरी निघते, अशी गोष्ट. अंगावर पिवळी ओढणी. सुरुवातीची, मधली अशा वेगवेगळ्या ओढण्या होत्या. पण शेवटच्या प्रवासाची एकच. तिच्यावर ताईंनी दोन महिने मळ चढवला. चहाचं पाणी नाही, रंगाचा फवारा नाही. नायिकेला ओढणी पांघरून उन्हात बसवायच्या. वाऱ्याची बाजू फिकी पडू द्यायच्या. घाम वाळून कडेला पांढरी रेघ उठली तेव्हा त्या अशा हरखल्या, की मला हाताला धरून दाखवलं.

“बघ बाय, मीठ आलं! आमच्या आगरातलं मीठ इकडं येऊन बसलं. नवरी कोन पन सजवेल गं. मानूस मळवून दाखवा.”

आणि हे सगळं डोक्यात. कुठला डाग कुठल्या दृश्यात आला, उंटाची लाळ कुठल्या खांद्यावर, काट्याने फाटलं ते किती — ताईंनी आयुष्यात कधी कागद घेतला नाही. मी वह्या भरायचे आणि त्या मला चिडवायच्या. “लिव, लिव. तुजी वही मेली तर तू काय करशील?” मी मनातल्या मनात म्हणायचे, असं डोकं असतं तर मी तरी कशाला लिहिलं असतं?

येते. त्या गोष्टीवरच येते.

पावसाळ्यात आम्ही परत आलो. काही जवळून घ्यायचे शॉट राहिले होते. ते खारघरच्या मोकळ्या रानात वाळू टाकून घ्यायचे ठरले. तेव्हा तिथे रानच होतं. मध्ये गणपती आले. ताई बहिणीकडे गेल्या. जाताना किरकोळ कलाकारांच्या कपड्यांचा गठ्ठा धोब्याकडे टाकला आणि घराची किल्ली मला दिली. तिथल्या कपड्यांच्या पेट्यांना हवा दे, धोब्याकडून आलेलं पेट्यांत लाव, एवढंच सांगितलं. शेवटच्या ओढणीच्या पेटीला हात लावायचा नाही, हेही सांगितलं. हे मी विसरले, असं नाही.

पेटी उघडली तर वास. उंट, घाम, दमट कापड. ओढणीवर बुरशीचे काळे ठिपके धरायला लागले होते. मी व्यवस्थित बाई. मला घाण बघवत नाही — आणि खरं सांगू? मला वाटलं, ताईंना याची काळजी घ्यायला जमलं नाही, मला जमेल. तेवढे ठिपके काढू म्हणून साबणाच्या पाण्यात टोक बुडवलं. मग तेवढंच टोक उजळ दिसू लागलं. मग सगळीच ओढणी बुडवली.

पाणी आधी पिवळं झालं, मग तांबूस, मग गढूळ. बादली हलवायची थांबवली तेव्हा तळाशी बारीक वाळू बसली होती. दोन महिन्यांचं वाळवंट. मी ते मोरीत ओतलं. ओढणी वाळवली, इस्त्री केली, घडी घालून पेटीत ठेवली. घडी अगदी सुरेख.

ताईंना फोन का नाही केला? अजून हातात दिवस होते. त्यांनी काहीतरी केलं असतं.

खारघरला पेटी उघडली तेव्हा सगळे भोवती होते. दिग्दर्शक ओरडला नाही, हळूच म्हणाला, “ताई, हे काय?” ताईंनी ओढणी नाकाला लावली.

“साबन,” म्हणाल्या. कडेवरून बोट फिरवून मिठाची रेघ शोधली. मग — “धोब्याच्या गठ्ठ्यात गेली वाटतं माज्या हातून. गनपतीची गडबड...” आणि माझ्याकडे वळल्या. “तुला आठवतं का गं, मी टाकली?”

मला गप्प राहता आलं असतं. तेही वाईटच, पण कमी. मी म्हटलं, “असेल, ताई.”

एवढंच. हेच सांगायचं होतं.

ताईंनी रडारड केली नाही. ती ओढणी स्वतः पांघरली आणि दुपारभर त्या वाळूत बसल्या, लोळल्या, उन्हात घाम गाळला. प्रमुख बाई, सगळ्या युनिटसमोर. कोणी हसलं नाही. संध्याकाळी शॉट झाला. थिएटरात तो पडद्यावर आला, तेव्हा आजूबाजूचे लोक डोळे पुसत होते; कोणाच्याही काही लक्षात आलं नाही. माझ्या शेजारी बसलेल्या ताई मात्र तेवढा वेळ मान खाली घालून होत्या.

पुढच्या सिनेमाला त्या मला म्हणाल्या, “लिवून ठेव गं. माज्यावर नको ठेवूस.” चिडवून नाही, मनापासून. मग प्रत्येक गोष्ट दोनदा विचारू लागल्या. मग आउटडोअर सोडलं. मग सगळंच सोडलं, आणि कपडेपट माझ्याकडे आला. व्यवस्थित बाई म्हणून माझं नाव झालं.

गेल्या महिन्यात ताईंकडे गेले होते. आता खूप थकल्यात. त्या सिनेमाचा विषय निघाला, आणि त्यांनी डोळे मिटून ती ओढणी सांगितली. डाव्या खांद्यावर उंटाची लाळ, पदराला बाभळीच्या काट्याची चीर, कडेला मिठाची रेघ — ती डावीकडे जाड, उजवीकडे विरळ. माझ्या जुन्या वहीत शब्द न् शब्द तसाच आहे. मला माहीत आहे.

मग डोळे उघडून त्या ओशाळल्यासारख्या हसल्या. “वहीत बघून घे हां, बाय. माज्या डोक्याचा काय भरोसा नाय.”

मी म्हटलं, “हो ताई. बघते.”