माडाखाली टाकलेला अननस

"काका, तुमचं क्रिएटिनिन वाढलंय," पेणच्या डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा. तो किडनीने बाहेर टाकायचा असतो आणि माझ्या किडन्या निम्म्याहून कमी काम करत होत्या. मी आधी रिपोर्टवरचं नाव आणि वय दोनदा तपासलं. दुर्दैवाने माझंच होतं.

रोह्याच्या एका कंपनीच्या गेटवर मी सत्तावीस वर्षं लोकांच्या पिशव्या तपासल्या. रिटायर झालो, पण ती नजर काही रिटायर झाली नाही. महिनाभर पाय सुजून चप्पल बसत नव्हती, तर मी चप्पलवाल्यालाच जाऊन बोललो होतो.

आहाराच्या बाईंनी यादी दिली. मुद्दा पोटॅशियमचा होता. हा रक्तातला एक क्षार, हृदयाचे ठोके त्याच्यावर चालतात. किडनी दमली की तो साचतो आणि फार साचला तर हृदय थांबू शकतं. केळी, चिकू, संत्री, नारळपाणी बंद. अननस चालेल, रोज दोन फोडी.

सून वैशालीने यादी फ्रिजला चिकटवली आणि त्याच संध्याकाळी अननस आणला. "बाबा, यात क जीवनसत्त्व हाय, पचनाला बरा आणि पोटॅशियम कमी हाय," ती म्हणाली.

मला पटेना. अननस उष्ण. खाल्ला की जीभ चरचरते. जो जिभेला सोडत नाही तो किडनीला काय सोडणार? शिवाय मोबाईलवर त्याचे गुण वाचले तर मुतखड्यापासून गुडघ्यांपर्यंत सगळं बरं होत होतं. एवढे गुण एकाच फळात म्हटल्यावर कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलंच.

आणि खरं सांगतो, संशय नुसता फळावर नव्हता. वरसेतलं आमचं राहतं घर मुलाच्या नावावर करून टाका, असं वैशाली पावसाळ्याआधी एकदा बोलली होती. मी त्याला हा अननस जोडला. सांगायला लाज वाटते, पण जोडला.

ती सकाळी फोडी ठेवून कामाला जायची. मी त्या परसातल्या माडाखाली नेऊन टाकायचो. अकरा वाजता बायको त्याच माडाचं शहाळं फोडायची. आमच्याकडे आजारी माणसाला बघायला येणाराही शहाळंच घेऊन येतो. यादीतलं नारळपाणी म्हणजे ते बाटलीतलं असणार, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं. मी स्वतः लावलेल्या माडावर संशय कोण घेणार? दिवसाला दोन शहाळी व्हायची.

तिसऱ्या आठवड्यात पायरी चढताना पायांतलं बळच गेलं. वैशालीने रिक्षा करून मला आणि बायकोला पेणला नेलं. रक्त घेतलं, ईसीजी काढला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. तो बघून डॉक्टरांनी मला तिथेच झोपवलं आणि सुई लावली. पाचच्या आसपास थांबायला हवं ते पोटॅशियम सहाच्या वर गेलं होतं.

"घरात काय देताय यांना?" त्यांनी वैशालीला विचारलं.

तिचा चेहरा उतरला. "अननस," ती म्हणाली. "रोज दोन फोडी. माझ्यामुळं झालं का ओ डॉक्टर?"

 बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती माझ्या डोळ्यांसमोर चालली होती आणि मी अंगावर पांघरूण ओढत होतो. वैशाली पदराने डोळे पुसायला लागली तेव्हा मात्र राहवेना.

"तिने दिला, मी खाल्लाच नाय," मी म्हणालो. "माडाखाली टाकला. शहाळी प्यायलो." जीभ चरचरते आणि मोबाईलवर त्याचे भलतेच गुण लिहितात, हेही सांगून टाकलं.

डॉक्टर रागावले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. शांतपणे म्हणाले, "काका, अननसाने किडनी बरी होत नाही. मोबाईलवरचं सोडा. जीभ चरचरते ती ब्रोमेलेनमुळे, ते प्रथिनं फोडणारं एक द्रव्य आहे. त्याचा तुमच्या किडनीशी संबंध नाही. पण दोन फोडी तुम्हाला चालल्या असत्या. एका शहाळ्यात त्याच्या कितीतरी पट पोटॅशियम असतं. अजून दोन दिवस असेच प्यायला असता तर इथवर आला नसता."

वैशालीने एवढंच विचारलं, "एवढ्याचसाठी टाकला का, बाबा?"

मी घराची गोष्ट सांगितली. तिने माझं पांघरूण नीट केलं. मग म्हणाली, "बँकेत कर्जाला घराचा कागद ह्यांच्या नावावर लागतो म्हनून बोलले होते. माडीवर आमच्यासाठी खोली काढायची होती. तुम्हांला जिना झेपत नाय, म्हनून खालची तुम्हांला."

पाच दिवसांनी घरी आलो. तुमच्यावर अशी वेळ आली तर माझी यादी वापरू नका, तुमच्या डॉक्टरांची घ्या. मधुमेह असेल तर अननसही विचारून खा. आणि घरच्या झाडाचं म्हणून काहीही न तपासता सोडू नका.

संशय अजून जात नाही माझा. औषधाची तारीख मी तीनदा बघतो. पण आता वैशाली फोडी ठेवून निघून जात नाही. समोर स्टूल घेऊन बसते. संपल्या की मी ताटली उलटी करून दाखवतो आणि न विचारता तोंडही उघडतो. ती नीट बघते, मगच कामाला जाते.