लिंबोणीचा पाला आणि ठमाबाईंची शेळी

वसंता, गुडघा कसा आहे? सुमनताई, खोकला थांबला का? गटातले बाकी सगळे बरे ना?

आज सकाळी मी लिंबोणी छाटत होतो. शेजारच्या ठमाबाई गाभण शेळी घेऊन आल्या. "काका, फवारलेलं औषध उतरलं का? पाला देऊ हिला?"

फवारणीला बारा दिवस झाले होते. कोवळ्या पानांत पान पोखरणाऱ्या अळीच्या नागमोडी रेघा दिसल्या. मी छातीठोकपणे म्हणालो, "अळी जिवंत आहे, म्हणजे विष संपलं. द्या खुशाल!"

ठमाबाई हसल्या. "अवो, ही पानं फवारणीनंतर फुटली. यांना औषध लागलंच कुठं?"

तोवर शेळीचं तोंड जुन्या, फवारलेल्या पानांपाशी पोचलं होतं. आम्ही दोघांनी तिला मागे ओढलं.

मग जुन्या पानावरचं औषध उतरलं, हे ओळखायचं कसं? लवकर लिहा. पाला तसाच पडलाय आणि शेळी माझ्याकडे बघतेय.