देवळाचा एकच पत्ता
पेडण्याच्या बसस्टँडजवळ कृष्णनाथचं सायबर कॅफे होतं. दोन कॉम्प्युटर, त्यातला एक कायम आजारी. कृष्णनाथची जीभ मात्र ठणठणीत. आमच्या हळर्णच्या देवळाची वेबसाइट यानेच केली. एकदा नव्हे, तीनदा! जत्रेची पाळी दरवर्षी गावातल्या वेगळ्या वाड्याकडे, म्हणजे वस्तीकडे, जाते. पाळी आली की नवा वाडा मंडप बदलायचा, कमान बदलायचा आणि वेबसाइटचा पत्ताही बदलून घ्यायचा. दुसऱ्या वाड्याच्या नावाच्या पत्त्यावर आपली जत्रा? नाक नाही का कापलं जाणार? जुने पत्ते मात्र तसेच राहायचे, जुन्या तारखा मिरवत.

२००४ साली कृष्णनाथचा थोरला भाऊ जयराम बोटीवरून रजा घेऊन आला, तो असल्याच जुन्या पत्त्यावरची तारीख बघून. कोऱ्या पँटीत देवळापाशी उतरला, तेव्हा मंडपाचे वासे निघत होते. आई शेवंताबाईनं त्याच्या हातावर जत्रेतलं उरलेलं गोड खाजं ठेवलं. तो परत गेला तशी ती कृष्णनाथवर उखडली.

"मेल्या, सगळो गाव तुज्याकडे पत्ते करूक येता, आनी माज्या झिलाक घराची वाट गावना! फुडल्या जत्रेक तो चुकलो, तर तुजी ती पेटी बावीत उडयतलय!"

कृष्णनाथनं तिन्ही वाड्यांची बैठक बोलावली. एकच पत्ता करू, त्यात वाड्याचं नाव नको, नुसतं गावाचं, आणि तो पुन्हा कधी बदलायचा नाही. एकच पत्ता सगळ्यांना हवा होता, फक्त आपल्या वाड्याचा. वयल्या वाड्याचा बाबाजी तर उठून उभाच राहिला. "आमचो वाडो काय मेलो?"

शेवटी नेहमीप्रमाणे भार देवावर. गुरवानं मूर्तीला ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बराच वेळ गेला, पाकळी हलेना. देवही बहुधा पाळी कोणाची ते बघत असावा.

"आवयक गरम जाता," असं तिथंच बसलेल्या आईकडे बोट दाखवून म्हणत कृष्णनाथनं गाभाऱ्याच्या दारातला पंखा लावला. उजवी पाकळी टपकन पडली.

पंखा सगळ्यांनी पाहिला. मग सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. भांडून घसे बसले होते, पोटात कावळे ओरडत होते. बाबाजीनं नाक खाजवलं. "देवाची मर्जी," तो म्हणाला. मीही लगेच हात जोडले.

पुढच्या जत्रेच्या आदल्या संध्याकाळी जयराम देवळाच्या दारात उभा. एरवी कोणापुढे डोळे न पुसणारी शेवंताबाई अख्ख्या गावासमोर त्याच्या गळ्यात पडून रडली, आणि खरं सांगतो, मलाही राहवलं नाही.

पुढे दुसऱ्या वाड्याची पाळी आली. नवा अध्यक्ष देवळातल्या बैठकीत म्हणाला, पत्ता बदलू, हवं तर देवाला विचारू. शेवंताबाई उठली आणि पंख्याच्या बटणाला पाठ टेकून उभी राहिली.

"विचारा," ती म्हणाली. "पून आज पंखो नाका. माका थंडी जाता."

कोणी विचारलं नाही. पत्ता अजून तोच आहे.