पुंजारामचा दुसरा मणी

पुंजारामच्या जिभेला दिंडोरीच्या बाजूला मोठा मान. कोणाची द्राक्षबाग तोडणीला आली की व्यापाऱ्याच्या आधी पुंजारामला बोलावणं जायचं. तो यायचा, टोपी मागे सारायचा, घडाच्या अगदी खालच्या शेंड्याचा मणी तोडून तोंडात टाकायचा. शेंड्याचा मणी सगळ्यात शेवटी पिकतो. तो गोड तर अख्खा घड गोड. मग ‘तोड’ नाहीतर ‘थांब’, एवढं बोलून स्वारी चहाकडे वळायची. दुसरा मणी त्याने कधी घेतला नाही. पारखायला एक पुरतो, पुढचं सगळं खादाडपण, असं त्याचं म्हणणं.

चौऱ्याण्णव साली एका व्यापाऱ्याच्या गोडी मोजायच्या यंत्राने अठरा दाखवली आणि पुंजाराम म्हणाला, सोळा. व्यापारी हसला. मग कोणीतरी यंत्राची काच धुतली. तिच्यावर आधीच्या बागेचा रस तसाच चिकटलेला होता. आकडा गुपचूप सोळावर आला. सख्ख्या भावाच्या बागेलाही पुंजाराम चारचौघांत ‘थांब’ म्हणाला होता आणि त्यापायी दोन वर्षांचा अबोला सोसला होता.

अशा माणसाला देवाने साडू द्यायला नको होता.

साडू म्हणजे दिनेश. पुंजारामच्या बायकोच्या, चंद्रभागेच्या धाकट्या बहिणीचा, आशाचा नवरा. छाटणीची कात्री कशी धरायची इथपासून सगळं तो पुंजारामकडूनच शिकलेला. दोन हजार साली या गड्याने खायच्या थॉमसन द्राक्षांची चांगली चालती अर्धी बाग तोडली आणि वायनरीशी करार करून वाइनची द्राक्षं लावली. पुंजाराम गावभर सांगत सुटला की करवंदाएवढे मणी, त्यात बिया, शेळीसुद्धा तोंड लावायची नाही.

पण वायनरीचं नाव झालं. पुढे परदेशातली पदकं आली, मुंबईच्या गाड्या आल्या, आणि वायनरीच्या भिंतीवर फेटा बांधलेल्या दिनेशचा हातभर फोटो लागला. आशाने तो बहिणीला दाखवला आणि बहिणीने तो रोज जेवताना नवऱ्याला वाढला. त्या भिंतीवर दिनेशरावांना वरून ऊन लागतं का, एवढं एकदा विचारून पुंजाराम भाकरीवर वाकला. साडूच्या नावापुढे ‘राव’ लागला की घरात ओळखायचं, आज पोटात दुखतंय.

दोन हजार पाचच्या फेब्रुवारीत वायनरीने शेतकऱ्यांना घरच्या माणसांसह वाइन चाखायला बोलावलं. दिनेश मुद्दाम जीप घेऊन पुंजारामच्या दारात आला. म्हणाला, सगळ्या जगाने चाखून झाली, तुम्ही तेवढे राहिलात.

तिथे तृप्ती नावाची चुणचुणीत पोरगी पेल्यात तळाला बोटभर वाइन ओतत होती. पेला गोल फिरवा, नाक घाला, घोट तोंडात घोळवा, असं तिने शिकवलं. पांढरीत पेरू आणि हिरवी मिरची लागेल म्हणाली, लालमध्ये मिरी आणि धूर. लोकांना लगेच लागलंही सगळं. ज्यांच्या घरात आमटी खारट झालेली कळत नाही, तेही मिरी मिरी म्हणून माना हलवू लागले.

पुंजारामने पांढरी घोळवली. मग लाल. मग पदकवाली लाल. जिभेवर काही हललं नाही. वाईट नव्हती, पण जीभ नुसती बसून राहिली. ते लक्षात आलं तसं त्याला बरं वाटू लागलं. अगदी आतून बरं वाटलं.

“काका, कशी वाटली?” तृप्तीने विचारलं.

“बाई, कोकमाच्या सरबतात बाभळीची साल उकळली, तर आशीच लागंल.”

सगळे खदखदून हसले. दिनेशही हसला, पण उशिरा हसला आणि लवकर थांबला. परतताना जीपमध्ये चंद्रभागा नवऱ्याकडे पाठ करून बसली. पुंजारामला मात्र घरी येईपर्यंत एक खडा टोचायला लागला होता. ती बोलली ती जीभ होती, की दुसरंच कोणी?

चार दिवसांनी दिनेश परत दारात. माल तयार आहे असं यंत्र सांगत होतं, पण पुंजारामने मणी चाखल्याशिवाय तो तोडणी धरणार नव्हता.

बागेत पेठकडच्या बाया क्रेट घेऊन बसल्या होत्या. ऊन कडक होत चाललं होतं. एक ‘थांब’ पुरेसा होता. आठ दिवसांत गोडी वाइनला चालते त्यापुढे इतकी चढली असती की वायनरीने ट्रॅक्टर फाटकातूनच माघारी धाडला असता. पुंजारामच्या शब्दावर दिनेश थांबलाच असता, आणि पुंजारामला कोणी दोष दिला नसता. जीभ आहे, चुकते कधीतरी. हे सगळं त्याच्या मनात आलं. आलं म्हणजे, सकाळपासूनच येऊन बसलं होतं.

त्याने टोपी मागे सारली, वाकून शेंड्याचा काळा मणी तोडला.

सालीला आधी दात लागला, मग रस सुटला. गोड होता, पण गोडाच्या मागे आंबट उभं होतं, त्याच्यामागे अजून काहीतरी, आणि बी फुटली तेव्हा भाजल्या शेंगदाण्यासारखं. तीस वर्षं शेंड्याचे मणी चाखले, आपल्या बागेचे, परक्यांचे. असा एकही नव्हता. छाटणी आपण शिकवली आणि हा मणी याच्या वेलीला आला, या विचाराने त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं राहिलं.

“भाऊ?” दिनेश म्हणाला.

पुंजारामने गिळलं. ‘थांब’ ओठांपर्यंत आला होता.

“तोड,” तो म्हणाला. “आजच तोड. दुपार नको करू.” आणि मग राहवेना म्हणून, “पण तुझी ती वाइन, बाबा, खरंच काय लागली नाय. एवढ्या मालाची त्यांनी माती केली.”

दिनेश उत्तर देणार होता, तेवढ्यात त्याची नजर पुंजारामच्या हातावर गेली. पुंजाराम बोलत होता आणि त्याचा हात परत घडाकडे गेला होता. त्याने दुसरा मणी तोंडात टाकला होता. मग तिसरा. त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

दिनेशने हळूच पाठ फिरवली आणि बायांना हाक मारली, “चला गं, धरा तोडणी. हा एवढा वेल सोडून.”