क्षार असू देत

आमच्या वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, तोंडानं फटकळ. एकदा ठरवलं की बापाचंही ऐकणार नाहीत. वस्तीचं पाणी शुद्ध करायचं यंत्र त्याच चालवतात. आमच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड फार. त्यानं दात डागाळतात, हाडं आखडतात. यंत्रातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांत वीज सोडली की पत्रा थोडाथोडा विरघळतो, त्याचा गाळ होतो आणि फ्लोराइड त्याला चिकटून तळाशी बसतं. पण पाणी जड, क्षारांचं, त्यामुळे पत्र्यांवर पांढरी खपली चढायची. ती खरवडून वन्संचे खांदे भरून यायचे.

मग वस्तीच्या अध्यक्षांनी यंत्राआधी पाणी मऊ करायची टाकी बसवली. काय सांगू! खपली गेली, साबणाला फेस यायला लागला. सगळी वस्ती खूश, मीही.

यंत्रातून आलेल्या पाण्याची वन्संची रोजची चाचणी मात्र बिनसली. औषध टाकल्यावर नळीतलं पाणी गुलाबी राहायला हवं, ते पिवळं पडायला लागलं. म्हणजे फ्लोराइड उरत होतं. टाकी वगळून पाणी सोडलं, तर पुन्हा गुलाबी! त्यांनी यंत्र बसवून देणाऱ्या इंजिनिअरबाईंना फोन लावला.

"पाण्यातलं कॅल्शियम फ्लोराइड धरायला मदत करत होतं," त्या म्हणाल्या. "टाकीनं नेमकं तेच काढून घेतलं."

वन्संनी त्याच दुपारी टाकीची जोडणी सोडली. झालं! सगळी वस्ती यंत्राच्या खोलीच्या दारात. अध्यक्ष तावातावानं म्हणाले, "लोकांना मऊ पाणी हवंय. टाकी जोडा, नाहीतर किल्ली द्या."

"टाकी जोडणार नाही आणि किल्लीही देणार नाही. काय करायचं ते करा." वन्सं दारातच फतकल मारून बसल्या.

"खरवडून खरवडून खांदे जातील तुमचे."

"जाऊ देत. माझ्या खांद्यांचा तुम्हाला कशाला एवढा पुळका?"

माझी लेक तीन वर्षांची. तिचे पक्के दात अजून हिरड्यांच्या आत, हेच पाणी पिऊन घडताहेत. मला असा संताप आला, स्वतःचासुद्धा! तिला कडेवर घेतलं, गर्दीतून वाट काढली आणि वन्संच्या शेजारी जाऊन बसले.

"अहो, काल तुम्हीच टाकीचं कौतुक करत होता ना?" अध्यक्ष म्हणाले.

"करत होते. आज नाही करत. उचला बघू आम्हाला!"

वन्संनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "नुसतं बसून भागणार नाही," त्या म्हणाल्या. "उद्यापासून पत्रे घासायला यायचं."

"येते की," मी म्हटलं. "आधी हे लोक इथून हलू देत."