मिरचीच्या शेतातला बादशहा

लग्न होऊन मी मेहकरहून जानेफळला आले, त्या वर्षी आमच्या शेतात मिरची होती. तोडणीला आम्ही तिघी जायचो: मी, सासूबाई आणि शेजारची खाला. खालाचा नवरा गाद्या भरून द्यायचा. तिकडे काम कमी असलं की ती आमच्याकडे तोडणीला यायची.

सासूबाई फारच अबोल. ‘पाणी दे’, ‘चाल आता’ यापलीकडे दिवसभरात शब्द नसायचा. त्या माझ्यावर नाराज आहेत असं मी धरूनच चालले होते, आणि माहेरी फोनवर तसं सांगतही होते.

खालाला मात्र बोलल्याशिवाय हात चालवता येत नसे. एका सकाळी गावातल्या बातम्या संपल्या, तेव्हा तिनं सरळ एक बादशहा जन्माला घातला.

“सात समिंदराचं राज होतं त्याचं,” ती म्हणाली. “पैदा झाला तवा रडलाच नाही. दाईनं चिमटा घेतला, तं हा हसला.”

मग तो रोज थोडा थोडा वाढू लागला. गादीवर बसल्यावर त्यानं पहिला हुकूम काढला, की दुपारी झोपलेल्या माणसाला कोणी उठवायचं नाही. पेरणीच्या दिवसांत त्यानं लढाया बंद ठेवल्या, तेव्हा शत्रूचे शिपाईसुद्धा त्याला दुवा देत घरी गेले. मी हसून हसून ओळीत खाली बसायची. सासूबाई मान खाली घालून तोडत राहायच्या.

मग खालाची लेक अमडापूरला बाळंतपणाला टेकली आणि खाला तिकडे गेली. जाताना बादशहाला तिनं लढाईच्या वाटेवर हत्तीवर बसवून ठेवलं होतं. शेतात आम्ही दोघीच उरलो. पहिला दिवस गप्पच गेला. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर शेजारच्या ओळीतून सासूबाईंचा आवाज आला.

“त्या हत्तीले कोणी पाणी पाजलं का?”

“कोणत्या हत्तीला?” मी विचारलं.

“बादशाच्या. उन्हात उभा करून गेली ते.”

“पाजते मी,” मी म्हणाले. “मग लढाईला जातो का तो?”

“काऊन जाते? घरी बायको एकटी हाय.”

“त्याचं लग्न कधी झालं, आई?”

“आता लावू,” सासूबाई म्हणाल्या.

दुपारपर्यंत लग्न लागलं. राणी सावळी, चपळ. पण सासरी आल्यावर कितीतरी दिवस ती कोणाशी बोललीच नाही.

“का बोलत नव्हती?” मी विचारलं.

“नवं घर. काय बोलाव, समजत नसंन तिले. तिची सासूबी तशीच. दोघीबी एकमेकीले भेत.”

मी वर पाहिलं. त्याही माझ्याकडेच बघत होत्या. आधी त्या हसल्या, मग मी. त्या दिवशी घरी यायला आम्हाला उशीर झाला, कारण वाटेत राणीच्या माहेरचं सगळं सांगून व्हायचं होतं.

संध्याकाळी खालाचा फोन आला. नातू झाला होता. ते सांगून झाल्यावर तिनं विचारलं, “बादशा कुठंशी पोचला?”

सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. “घरी हाय. त्याचं लगन झालं.”

“मले न विचारता?”

“तू हत्ती उन्हात सोडून गेली,” सासूबाई म्हणाल्या आणि फोन मला परत दिला.

खाला परतली ती पेढे घेऊन आणि भांडायच्या तयारीनं. तिला बादशहानं मुलुख जिंकायला हवे होते, सासूबाईंना त्यानं विहिरी खणायला हव्या होत्या. शेवटी तो वर्षातले काही महिने एकीचं ऐकायचा, काही दुसरीचं.

शेवटच्या तोडणीला झाडांवर लाल, बारीक मिरच्या उरल्या होत्या. खाला म्हणाली, आता बादशहाला मरावं लागेल, बादशहांच्या गोष्टी तशाच संपतात. सासूबाई ऐकेनात. म्हणून मी मध्ये पडले.

“त्याला नदीकाठी भाजीपाला लावू द्या. गादीवर लेकीला बसवा.”

“लेक हाय त्याले?” खालानं विचारलं.

“आहे ना. मोठी आहे. हत्तीवर एकटी बसते.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि कबूल केलं. दुसऱ्या दिवशी खाला डबाभर जर्दा घेऊन आली, गोड केशरी भात, राज्याभिषेकाचा म्हणून. धुऊनही हात मिरचीनं भगभगत होते, म्हणून बांधावर बसून आम्ही तो चमच्यानं खाल्ला. नव्या राणीनं हिरवं नेसावं की जांभळं, यावर त्या दोघींचं जुंपलं होतं. मी तोंड उघडलं, तर सासूबाईंनी माझ्यापुढे डबा सरकवला आणि म्हणाल्या, “तू खा. आमचं होऊ दे.”