आर्थरची तीन पत्रं

मी हे लिहिते आहे, कारण पर्थला पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी एका म्हाताऱ्या माणसाला त्याचं मूळ गाव विचारलं. मुलांकडे परदेशी जाणारे आपण सगळे हे विचारतोच.

नागपूर, मुंबई, सिंगापूर, पर्थ. दोनदा विमान बदललं, पाय सुजले. साठीनंतर सिंगापूरला एक मुक्काम कराच. लोणचं नेलंत तर विमानतळावरच्या कस्टमच्या फॉर्मवर लिहा. लपवलंत तर दंड.

लेकीचा शेजारी आर्थर, वय ऐंशीच्या पुढे, कुंपणावरून टोमॅटो द्यायला आला. मी विचारलं, आणि तो टोमॅटो ठेवून निघून गेला.

"काहून विचारलं वं आई?" मीनल चिडली. "त्याले सातव्या वर्षी इंग्लंडहून जहाजात बसवून इकडं पाठवलं. आई मेली म्हणून सांगितलं. ती जिवंत होती."

"मले काय माहीत?"

"हे काय नागपूरचं प्रताप नगर आहे, भेटला की गाव-गोत काढायले?"

तिसऱ्या दिवशी आर्थर स्वतः आला. "तुम्ही शिक्षिका होतात ना? मला वाचून दाखवाल?"

ज्या आश्रमशाळेत त्याला ठेवलं, तिथे त्याच्याकडून विटा वाहून घेतल्या. वाचायला धड शिकवलंच नाही. आता तिथे त्याच्या आईची पत्रं सापडली होती. एकट्याने जायचं म्हणून दोनदा त्याने टाळलं होतं.

मीनलने गाडी काढली. दोन तास सरळ रस्ता, वाटेत एकच पेट्रोल पंप. डबा न्या. आमच्या पोळीभाजीतलं आर्थरने काहीच खाल्लं नाही. फाटकाशी म्हणाला, "ही भिंत आम्ही बांधली. मी दहा वर्षांचा होतो."

कार्यालयातल्या मुलीने झेरॉक्स दिल्या. मी वाचलं : 'बाळा, खोली मिळाली की तुला न्यायला येते. कुणी तुला हे वाचून दाखवेल ना?'

"पुन्हा वाचा," आर्थर म्हणाला. मी वाचलं. मग त्याने मूळ कागद मागितले.

"ते संग्रहातच राहतात," मुलगी म्हणाली.

"लिफाफ्यावर नाव कोणाचं आहे?" मी विचारलं.

"यांचंच."

"मग हे यांचं टपाल आहे. आधीच फार उशीर झालाय."

तिने वर फोन लावला. आम्ही पाऊण तास बाकावर बसून होतो. आर्थर बुटांकडे बघत होता.

नागपूरला, बेसाच्या घरी परतून दहा दिवस झाले. झोप अजून जागेवर आलेली नाही. मैत्रिणी कांगारूचे फोटो मागतात. मी काढलेच नाहीत. एवढा प्रवास पुन्हा झेपणार नाही. साक्षीदार म्हणून मी सही केली, त्या पावतीची प्रत माझ्याकडे आहे. मराठीत उतरवते :

मूळ पत्रं, तीन. लिफाफे, तीन, तिन्ही आधीच फोडलेले. लोकरीचे हातमोजे, एक जोड, लहान मुलाचे, न वापरलेले. ज्याच्या नावे आले त्याच्या हाती दिले.